एकशे ऐंशी दिवसांचा शिक्का

कॅनडातल्या म्हाताऱ्या माणसांना हिवाळ्याची एवढी धास्ती का, हे महाराष्ट्रात बसून नीट उमगत नाही. विनिपेगला जानेवारीत रात्रीचा पारा सरासरी उणे वीसच्या आसपास असतो, एडमंटनला डिसेंबरात जेमतेम साडेसात तास उजेड मिळतो, हे सगळं खरं. पण सत्तरी ओलांडलेल्या माणसाला खरी भीती असते ती दाराबाहेरच्या पायरीवर जमलेल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या बर्फाची. पाय सटकला, खुबा मोडला, की पुढचं आयुष्य दुसऱ्याच्या हाती. म्हणून पेन्शन सुरू झालं की नोव्हेंबरात बॅगा भरायच्या आणि एप्रिलमध्ये परतायचं, असा रिवाज कॅनडातल्या अनेक घरांत पडून गेला आहे. या मंडळींना 'स्नोबर्ड' म्हणतात. पूर्वी त्यांचा ओढा मुख्यतः फ्लोरिडा आणि ॲरिझोनाकडे असे. २०२५ मध्ये ट्रम्प यांनी आयातशुल्क लादलं, वर कॅनडाला एक्कावन्नावं राज्य करण्याची भाषा सुरू केली, आणि तीस दिवसांहून जास्त राहणाऱ्या कॅनेडियनांनी सरकारदरबारी नोंदणी करावी असा नियमही लागू झाला. तेव्हा अनेकांनी अमेरिकेवर फुली मारली आणि मेक्सिकोचं तिकीट काढलं.

मेक्सिको त्यांना नवा नव्हताच. आठवड्याभराच्या सुट्टीवर जाणारे धरले तर वर्षाला वीस लाखांहून जास्त कॅनेडियन तिकडे जातात. पुएर्तो वायार्ता, मासात्लान, ला पास, युकातानचा प्रोग्रेसोचा किनारा, डोंगरातलं सान मिगेल दे अयेंदे, अशी त्यांची ठरलेली ठिकाणं आहेत. हालिस्को राज्यातल्या चापाला सरोवराकाठच्या अहिहिक गावात तर परदेशी रहिवाशांची संस्था १९५५ पासून आहे. सरोवर समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरवर, त्यामुळे हवा बारा महिने आपल्या पुण्याच्या जानेवारी-फेब्रुवारीसारखी.

मी ओंटारियोतल्या विंडसरला राहतो. माझ्या गल्लीतली दोन-तीन घरं हिवाळाभर अंधारात असतात. त्या घरांतल्या माणसांबद्दल माझ्या मनात काही किल्मिष नाही. मोटारीच्या कारखान्यात तीस वर्षं उभं राहून ज्याने गुडघे झिजवले, त्याने चार महिने उन्हात बसावं, यात कोणाला काय वावगं वाटणार? माझं म्हणणं वेगळं आहे. कॅनडा आणि मेक्सिको यांच्यात ऋतूनुसार माणसांची ये-जा दोन्ही दिशांनी चालते. एका दिशेच्या माणसाला आपण पाहुणा म्हणून वागवून घेतो आणि दुसऱ्या दिशेच्या माणसाला हत्यार-अवजारासारखं हंगामापुरतं आणून परत पाठवतो. स्नोबर्डांच्या सोयीच्या चर्चा इथे खूप होतात: कुठला विमा घ्यावा, किती दिवस बाहेर राहिलं तर आरोग्यकार्ड रद्द होतं, कुठल्या गावात घर फुकट मिळतं. दुसऱ्या बाजूचा विषय त्यात निघत नाही.

फुकट घराचं आधी बघू, कारण गेल्या काही वर्षांत हा प्रकार भलताच वाढला आहे. मेक्सिकोत घर असलेला कॅनेडियन किंवा अमेरिकन माणूस नाताळात नातवंडांना भेटायला किंवा पावसाळ्यात थंड हवेला आपल्या देशी जातो. घर बंद ठेवायचं नाही, घरात कुत्रं असतं, दोन मांजरं असतात. मग एखाद्या संकेतस्थळावर जाहिरात टाकायची. तिथे वर्षाची वर्गणी भरलेले सभासद असतात. त्यातलं एखादं निवृत्त जोडपं निवडायचं, व्हिडिओवर बोलायचं, आणि महिना-दोन महिने घर त्यांच्या हवाली करायचं. यांनी भाडं द्यायचं नाही, त्यांनी पगार द्यायचा नाही. याला 'हाऊस सिटिंग' म्हणतात. आपल्याकडे गावचं घर राखायला भावकीतल्या कोणाला तरी ठेवतात, त्याचीच ही नोंदणीकृत आणि अनोळखी माणसांत चालणारी आवृत्ती. याची दुसरी बाजू कॅनडातही असते. इकडचं घर हिवाळ्यात रिकामं ठेवलं आणि घर गरम ठेवणारी भट्टी बंद पडली तर नळ गोठून फुटतात. घराच्या विम्याच्या बऱ्याच पॉलिसींमध्ये दर थोड्या दिवसांनी कोणीतरी आत जाऊन बघितलं पाहिजे अशी अट असते. म्हणजे अहिहिकचं घर राखणाऱ्याला आपलं ओंटारियोतलं घर राखायला आणखी कोणीतरी शोधावं लागतं. या कामासाठी आमच्या गल्लीत बहुतेक वेळा मलाच पकडतात.

शेजाऱ्यांनी मला एकदा मेक्सिकोतल्या घरमालकिणीने मागे ठेवलेल्या सूचना दाखवल्या. चांगली चार पानं होती. नगरपालिकेचं पाणी रोज येत नाही. ते आधी अंगणातल्या जमिनीखालच्या टाकीत पडतं, तिथून पंपाने छतावरच्या 'तिनाको'त चढवायचं, आणि पंप कोरडा चालू द्यायचा नाही, जळतो. पिण्याचं पाणी वीस लिटरच्या 'गार्राफोन'मधून. रिकामा बाहेर ठेवला की गाडीवाला भरलेला देतो. गॅसच्या गाडीची आरोळी कशी ओळखायची. बूट घालण्याआधी उलटे करून झटकायचे, विंचू असतात. देवळाच्या उत्सवात पहाटेच रॉकेट उडतात, तेव्हा कुत्र्याला न्हाणीघरात घेऊन बसायचं. कुत्र्याची औषधं, त्यांच्या वेळा, त्याच्या डॉक्टरचं पूर्ण नाव, पत्ता, दोन फोन. आणि चौथ्या पानाच्या तळाशी दोन ओळी: मंगळवारी आणि शुक्रवारी बाई येतात, शनिवारी माळी, त्यांचे पैसे फडताळातल्या पाकिटात. बाईंचं फक्त पहिलं नाव. आडनाव नाही, फोन नाही, त्या आजारी पडल्या तर काय, याबद्दल चकार शब्द नाही.

ती मालकीण वाईट असेल असं मला वाटत नाही. कुत्र्यावर एवढी माया करणारी बाई माणसांशी मुद्दाम कठोर वागेल कशाला? पण कायदा तिला ठाऊक नव्हता, किंवा ठाऊक करून घ्यायची गरज वाटली नव्हती. घरकामगारांच्या हक्कांचा १८९ क्रमांकाचा आंतरराष्ट्रीय करार मेक्सिकोने २०२० मध्ये मंजूर केला. घरकामगाराची सामाजिक सुरक्षा संस्थेत नोंदणी करणं मालकावर बंधनकारक करणारी दुरुस्ती २०२२ मध्ये झाली. डिसेंबरात किमान पंधरा दिवसांच्या पगाराइतका बोनस द्यावा लागतो. आठवड्यातून एक दिवस येणाऱ्या बाईचीसुद्धा त्या दिवसापुरती नोंदणी करता येते. मेक्सिकोतली सधन घरंही हे नियम सर्रास धाब्यावर बसवतात, तेव्हा एकट्या परदेशी माणसाला दोषी धरण्यात अर्थ नाही. पण ज्या देशात आपण कायद्याने पाहुणे आहोत तिथला कायदा पाळण्याची जबाबदारी यजमानापेक्षा पाहुण्यावर अंमळ जास्तच असते, असं माझं मत आहे.

घर राखणं हे काम आहे का? मेक्सिकोत व्हिसाशिवाय उतरणाऱ्या कॅनेडियन माणसाला पर्यटक म्हणून जास्तीत जास्त १८० दिवस मिळतात. किती द्यायचे ते अधिकाऱ्याच्या हाती असतं, पण कमाल मर्यादा ती. अट एकच, मोबदला घेऊन काम करायचं नाही. घर राखणारा म्हणतो, मी पैसे घेत नाही. पण दोन महिन्यांचं भाडं वाचणं हा मोबदला नाही तर काय? हा प्रश्न दुसरीकडे विचारला गेला आहे. २०२२ मध्ये एक ऑस्ट्रेलियन महिला लॉस एंजेलिसमार्गे कॅनडात घर राखायला निघाली होती. घर आणि मांजर सांभाळण्याच्या बदल्यात राहायला मिळतं, हे तिने सरळ सांगितलं, आणि अमेरिकन अधिकाऱ्यांनी ते काम ठरवून तिला परत पाठवलं. मला तो निर्णय फाजील कडक वाटतो. तरी त्यातून एक गोष्ट कळते. 'काम' कशाला म्हणायचं हे काय केलं यावर जेवढं ठरतं, तेवढंच ते कोणी केलं आणि कुठल्या सीमेवर सांगितलं यावरही ठरतं. एकाच अंगणात एकाच आठवड्यात दोघं जण झाडांना पाणी घालतात. एक पाहुणा, दुसरा माळी.

तरी हाऊस सिटिंगवर सरसकट तुटून पडणाऱ्यांशी मी सहमत नाही. किनाऱ्यावरच्या गावांचं भाडं वाढवण्यात त्याचा वाटा नगण्य असणार. ते घर आधीच विकलं गेलेलं असतं. ते वर्षातले सहा महिने कुलूपबंद राहण्यापेक्षा त्यात कोणी राहावं, कोपऱ्यावरच्या दुकानातून भाजी घ्यावी, तोडकंमोडकं स्पॅनिश बोलावं, हे गावाला बरंच. त्रास होतो तो गावातली भाड्याची घरं उचलून रात्रीच्या दराने पर्यटकांना देणाऱ्या धंद्याने. जुलै २०२५ मध्ये मेक्सिको सिटीच्या कोंदेसा-रोमा भागांत लोक या भाडेवाढीविरुद्ध रस्त्यावर उतरले, काही दुकानांच्या काचा फुटल्या, परदेशी लोकांविरुद्ध घोषणा झाल्या. राष्ट्राध्यक्ष क्लाउदिया शाइनबाउम यांनी परदेशी लोकांच्या द्वेषाचा निषेध केला, तो योग्यच होता. पण याच बाईंनी शहराच्या प्रमुख असताना २०२२ मध्ये दूरस्थ काम करणाऱ्या परदेशी लोकांना शहरात बोलावण्यासाठी एअरबीएनबीशी करार केला होता, हे मोर्चातले लोक विसरले नव्हते.

म्हणजे दार आतून उघडलं गेलं, हेही मान्य केलं पाहिजे. मेक्सिकोच्या १९१७ च्या राज्यघटनेतलं २७ वं कलम परदेशी माणसाला सीमेपासून शंभर आणि समुद्रापासून पन्नास किलोमीटरच्या पट्ट्यात जमिनीची थेट मालकी देत नाही. एकोणिसाव्या शतकात अर्धा देश गमावलेल्या लोकांनी ते लिहिलं होतं. पण बँकेच्या नावावर जमीन आणि उपभोग परदेशी माणसाचा, अशी विश्वस्त पद्धत काढली गेली. १९९३ च्या कायद्याने तिची मुदत पन्नास वर्षांची केली, पुढे वाढवण्याच्या सोयीसह. त्याच्या एक वर्ष आधी, १९९२ मध्ये, क्रांतीनंतर शेतकऱ्यांना मिळालेल्या सामुदायिक जमिनी, ज्यांना 'एहिदो' म्हणतात, विकता येण्याची वाट त्याच २७ व्या कलमात दुरुस्ती करून मोकळी झाली. किनाऱ्यावरच्या एहिदोंचं पुढे काय झालं, हे असगाव-शिवोलीत किंवा गुहागर-दापोलीत जमिनींचे व्यवहार बघितलेल्या माणसाला समजावून सांगायला नको. पुळणीवर जायची वाट हॉटेलवाल्यांनी अडवू नये म्हणून २०२० मध्ये दंडाचा कायदा करावा लागला. समुद्रकिनारा तिथे कायद्याने सार्वजनिकच आहे, तरीही.

मेक्सिकोचं सरकार पर्यटनाकडे किती आशेने बघत होतं, हे कान्कुनवरून कळतं. नकाशावर आखून, जवळजवळ रिकाम्या वाळूच्या पट्टीवर वसवलेलं शहर ते. तिथली पहिली हॉटेलं १९७४ मध्ये उघडली. आणि त्याच १९७४ साली मेक्सिकोने कॅनडाशी एक करार केला: हंगामी शेतमजूर पाठवण्याचा. पहिल्या वर्षी दोनशेच्या आसपास माणसं गेली. आता एकट्या मेक्सिकोतून दरवर्षी वीस हजारांहून जास्त जातात. उत्तरेच्या माणसाला दक्षिणेत हिवाळा घालवायची सोय आणि दक्षिणेच्या माणसाला उत्तरेत राबायची सोय, दोन्ही एकाच वर्षी सुरू व्हाव्यात, हा योगायोगच. पण तो मेक्सिकोची त्या काळची डॉलरची निकड सांगून जातो.

विंडसरहून आग्नेयेला पन्नासेक किलोमीटरवर लेमिंग्टन आहे. टोमॅटो, काकडी, ढोबळी मिरची, सगळं काचेखाली. मैलोन्‌मैल पसरलेली ही काचघरं हिवाळ्याच्या रात्री दुरूनही दिसतात, कारण त्यांच्या दिव्यांनी ढग केशरी-जांभळे होतात. टोमॅटोला जानेवारीत जून वाटावा म्हणून ते दिवे असतात. त्या उजेडाने झोप उडते अशी तक्रार गावकऱ्यांनी केली आणि नगरपालिकेला पडद्यांचे नियम करावे लागले. शुक्रवारी संध्याकाळी गावात गेलात तर दुकानांच्या पाट्या स्पॅनिश, पैसे पाठवायच्या खिडक्यांपुढे रांगा, आणि सुपरमार्केटबाहेर एकमेकांवर कललेल्या सायकली. मेक्सिकोचा वाणिज्य दूतावास या एवढ्याशा गावात आहे, यातच सगळं आलं. थंडीत, अंधारात, दिवे नसलेल्या तालुक्याच्या रस्त्यावरून हातात तांदूळ-कोंबडीच्या पिशव्या लटकवून सायकल मारत परतणारी ही माणसं मी गाडीच्या काचेतून बघत आलो आहे.

हंगामी शेतमजुरांच्या या योजनेखाली माणूस १ जानेवारी ते १५ डिसेंबर या काळात जास्तीत जास्त आठ महिने राहू शकतो. काचघरांच्या कामाला पहिली तुकडी जानेवारीतच येते. म्हणजे माझे शेजारी ज्या दिवसांत हालिस्को राज्यात ऊन खायला पोचलेले असतात, त्याच दिवसांत हालिस्कोतला शेतकरी ओंटारियोच्या थंडीत उतरतो. कामाचा परवाना एका योजनेचा आणि व्यवहारात एका मालकाचा. मालक बदलायचा तर सगळ्यांच्या संमतीचं लचांड. राहायची जागा मालकाच्या आवारात, त्यामुळे नोकरी गेली की छप्परही गेलं. पुढच्या वर्षी बोलवायचं की नाही हे मालक नाव घालून कळवतो. बायकामुलं आणायची सोय नाही. उलट भरती करताना ज्याच्या मागे कुटुंब आहे अशालाच पसंती, कारण तो परत जाईल याची खात्री. माणसाच्या संसाराचा असा जामीन म्हणून वापर करणारी योजना एखाद्या आखाती देशाने राबवली असती तर आपण तिला काय म्हटलं असतं? संयुक्त राष्ट्रांचे आधुनिक गुलामगिरीविषयीचे विशेष प्रतिवेदक तोमोया ओबोकाता २०२३ मध्ये कॅनडात येऊन गेले आणि इथल्या तात्पुरत्या परदेशी कामगारांच्या योजना गुलामगिरीच्या आधुनिक प्रकारांना पोषक आहेत असं सांगून गेले. इथे लोकांना तो शब्द झोंबला. मलाही तो जरा भडक वाटतो. पण त्यांनी ज्याकडे बोट दाखवलं ती मालकाला बांधलेली परवान्याची दोरी तशीच आहे.

आजारपणात दोन्ही प्रवासी शेजारी शेजारी ठेवून बघा. कॅनेडियन पेन्शनर मासात्लानमध्ये कोसळला, तर चांगला विमा असल्यास डॉक्टरसकट विमान येतं आणि त्याला घरच्या रुग्णालयात आणून सोडतं. तिकडे ओंटारियोत २००१ ते २०११ या काळात ७८७ हंगामी शेतमजुरांना आजार किंवा दुखापतीच्या कारणाने मुदतीआधी मायदेशी पाठवलं गेलं, अशी नोंद एका वैद्यकीय नियतकालिकाने २०१४ मध्ये छापली. एकाला उपचारांकडे नेणारं विमान, दुसऱ्याला उपचारांपासून दूर नेणारं. ओंटारियोत या मजुरांना आल्याबरोबर सरकारी आरोग्यसेवा लागू होते, हे मी नाकारत नाही. ती चांगली तरतूद आहे. पण आजारी माणूसच परत पाठवला तर कार्ड काय करायचं? २०२० च्या उन्हाळ्यात कोविडने ओंटारियोत तीन मेक्सिकन शेतमजूर गेले, मेक्सिकोने काही दिवस माणसं पाठवणं थांबवलं, तेव्हा कुठे त्यांच्या खोल्यांत किती खाटा असतात याची बातमी झाली.

पैशाचंही असंच. म्हातारपणाचं सरकारी पेन्शन, अठराव्या वर्षानंतर वीस वर्षं कॅनडात काढलेल्या माणसाला जगात कुठेही मिळत राहतं. गरीब पेन्शनरांचा जो पूरक भत्ता असतो तो सहा महिन्यांच्या गैरहजेरीनंतर बंद होतो, म्हणून तर एप्रिलमध्ये परतायची घाई. मजुराच्या पगारातून बेकारी विम्याचा हप्ता दर आठवड्याला कापला जातो. पण हंगाम संपल्यावर त्याला देश सोडावा लागतो, आणि देशात नसलेल्याला नेहमीचा बेकारी भत्ता नाही. पन्नास वर्षं त्यांच्याकडून हप्ते घेतले जात आहेत, अशा फायद्यासाठी जो त्यांना मिळूच शकत नाही. याला सरळ मराठीत काय म्हणायचं ते वाचकाने ठरवावं.

आता व्हिसा. कॅनेडियन माणसाला मेक्सिकोत जायला तो लागत नाही. मेक्सिकन माणसावर कॅनडाने २००९ मध्ये व्हिसा लादला, १ डिसेंबर २०१६ ला काढला, आणि २९ फेब्रुवारी २०२४ ला बहुतेकांवर परत लादला. ज्याच्याकडे अमेरिकेचा चालू व्हिसा आहे किंवा ज्याला दहा वर्षांत कॅनडाचा मिळाला होता, तो विमानाने आला तर सुटतो. सरकारने कारण दिलं ते खोटं नव्हतं: २०२३ मध्ये कॅनडात आश्रय मागणाऱ्यांत १७ टक्के मेक्सिकन होते, आणि त्यांतले सुमारे साठ टक्के अर्ज फेटाळले गेले, मागे घेतले गेले किंवा सोडून दिले गेले. हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. पण उरलेले चाळीस टक्के? आणि ज्या गावात आमचे पेन्शनर सहा महिने निर्धास्त राहतात, तिथल्या शिक्षिकेला नायगारा बघायला यायचं तर बँकेचा उतारा, नोकरीचा दाखला आणि बोटांचे ठसे द्यावे लागावेत, हे प्रमाण मला पटत नाही. मेक्सिकोने जशास तसं करायचं ठरवलं तर हिवाळ्याची निम्मी विमानं रिकामी उडतील. ते करत नाहीत, कारण त्यांना ते परवडत नाही. कॅनडाला हे पक्कं ठाऊक आहे.

यावर हमखास येणारा युक्तिवाद असा, की मजुरांवर कोणी बळजबरी केलेली नाही, ते वर्षानुवर्षं परत येतात. येतात, आणि का येतात हे आकडे सांगतात. २०२५ मध्ये मेक्सिकोत बहुतांश भागांत दिवसाचं किमान वेतन २७८.८० पेसो होतं, साधारण वीस-एकवीस कॅनेडियन डॉलर. ओंटारियोत त्याच वर्षी ऑक्टोबरपासून तासाचं किमान वेतन १७.६० डॉलर झालं. तिकडचा पूर्ण दिवस इकडे सव्वा तासात भरतो. या पैशांवर तिकडे घरं बांधली जातात, मुली नर्सिंगला जातात, आणि मी भेटलेल्या एकाही मजुराला ही योजना बंद पडावी असं वाटत नाही. मलाही वाटत नाही. पण याच फरकावर स्नोबर्डाचा हिवाळाही स्वस्त होतो. ज्या दरीमुळे मजूर उत्तरेला येतो, त्याच दरीमुळे पेन्शनर दक्षिणेला आठवड्यातून दोनदा बाई ठेवू शकतो. या दरीचा फायदा दोन्ही टोकांना एकाच बाजूने घ्यायचा आणि वर 'सगळे राजीखुशीने येतात' म्हणायचं, एवढंच मला खटकतं.

आपण मराठी मंडळी यात कुठे बसतो? अगदी मधोमध. ब्रॅम्प्टन-मिसिसॉगातली मराठी कुटुंबं मार्च महिन्यातल्या शाळांच्या सुट्टीत कान्कुनला आठवडाभर जातात; भारतीय पासपोर्ट असला तरी कॅनडाचं कायम वास्तव्याचं कार्ड दाखवलं की मेक्सिको वेगळा व्हिसा मागत नाही. ते कार्ड आपल्याला पदवी, इंग्रजीची परीक्षा आणि वयाचे गुण मिळून लाभलं. लेमिंग्टनला वीस हंगाम काढलेल्या माणसाला त्या गुणपत्रिकेत जवळपास काही मिळत नाही. शेती-अन्न क्षेत्रातल्या कामगारांना कायम वास्तव्य देणारी एक प्रायोगिक योजना २०२० मध्ये निघाली होती. तिच्यात बारमाही काम हवं अशी अट घालून हंगामी मजुरांना बाहेरच ठेवलं गेलं, आणि मे २०२५ मध्ये ती योजनाही बंद झाली. ज्याच्या हातची काकडी आपण कोशिंबिरीत चोचवतो, त्याला या देशात वीस वर्षांनीही परत जायचं तिकीट आधी दाखवावं लागतं. आपण मात्र तीन-चार वर्षांत नागरिक होऊन निवडणुकीत मत देतो. हे मत तरी आपण कशासाठी वापरायचं?

माझ्या मागण्या फार मोठ्या नाहीत. परवाना मालकाचा नको, क्षेत्राचा हवा: ओंटारियोतल्या कुठल्याही काचघरात काम करता यावं, म्हणजे वाईट मालकाकडून माणूस सायकलवर बसून चांगल्या मालकाकडे जाऊ शकेल. बेकारी विम्याचा हप्ता कापायचा तर भत्ता मायदेशी द्यावा, नाहीतर हप्ता कापू नये. पेन्शन जर मासात्लानला पोचतं, तर भत्ताही मेक्सिकोतल्या मिचोआकानला पोचू शकतो. दोन्ही देशांत सामाजिक सुरक्षेचा करार १९९६ पासून आहे, खातं-पत्त्याची अडचण कोणी सांगू नये. ठराविक हंगाम पूर्ण केलेल्याला कायम वास्तव्याचा अर्ज करता यावा. आणि अशा मजुराच्या बायकामुलांना तरी भेटीचा व्हिसा सहज मिळावा.

मेक्सिकोत घर असलेल्या किंवा घर राखायला जाणाऱ्या कॅनेडियनांनी काय करायचं, तेही सांगतो. बाईंची नोंदणी करा, डिसेंबरचा बोनस द्या, आणि सूचनांच्या पहिल्या पानावर त्यांचं पूर्ण नाव आणि फोन लिहा. सहा महिन्यांची मुदत संपत आली की दोन दिवस सीमेपलीकडे जाऊन नवा शिक्का मारून आणण्याची जी खोड अनेकांना लागली आहे, ती सोडून तात्पुरत्या वास्तव्याचा रीतसर अर्ज करा. तो चार वर्षांपर्यंत मिळतो. यात काही थोर त्याग नाही. फ्लोरिडात अमेरिकन नियम हीच माणसं दिवस मोजून पाळत होती.

हंगामी मजुरांचा नमुना करारनामा दरवर्षी नव्या हंगामाआधी तपासला जातो. त्या टेबलाभोवती दोन्ही देशांचे अधिकारी आणि कॅनडातल्या शेतमालकांचे प्रतिनिधी असतात. मजुरांनी निवडलेलं कोणी नसतं. स्नोबर्डांची मात्र १९९२ पासून देशव्यापी संघटना आहे आणि तिचं म्हणणं ओटावात ऐकलं जातं, कारण पेन्शनर न चुकता मतदान करतात. या संघटनेच्या सभासदांनी आपल्या खासदाराला प्रवास विम्याच्या आणि आरोग्यकार्डाच्या पत्रासोबत परवान्याविषयीचं एक पत्र जोडलं, तर त्या टेबलावर पन्नास वर्षांत न झालेली गोष्ट होऊ शकेल. माझ्या शेजाऱ्यांसाठी मी मसुदा तयार केला आहे. त्यांनी तो वाचला, दोन ठिकाणी इंग्रजी सुधारलं आणि 'परत आल्यावर सही करतो' म्हणाले. मी म्हटलं, सही जाण्याआधी हवी, करारनामा तुमची वाट बघत थांबणार नाही.